मालकाविना ठावठिकाणा

जुलै २००१ मध्ये नॅपस्टर बंद पडलं. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत गाणी लोकांच्या स्वतःच्या संगणकांवर असायची आणि एका घरातून दुसऱ्या घरात थेट जायची. कोणतं गाणं कोणाकडे आहे याची यादी मात्र कंपनीच्या सर्व्हरवर होती. स्वामित्वहक्काच्या खटल्यात अमेरिकी न्यायालयाने कंपनीला चाप लावला, यादी थांबली आणि लाखो संगणकांवर गाणी जागच्या जागी असूनही ती कोणाला सापडेनाशी झाली. त्याच वर्षी संशोधकांच्या चार गटांनी, जवळजवळ एकाच वेळी, या कोड्यावरची आपापली उत्तरं मांडली: कॅन, कॉर्ड, पेस्ट्री आणि टॅपेस्ट्री. पुणे विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेऊन बर्कलीला गेलेल्या सिल्व्हिया रत्नसामी या कॅनच्या पहिल्या लेखिका. मद्रास आयआयटीत शिकलेले हरी बालकृष्णन हे एमआयटीतल्या कॉर्डच्या गटात होते. या रचनांना पुढे डिस्ट्रिब्युटेड हॅश टेबल, थोडक्यात डीएचटी, हे नाव रूढ झालं. त्यांचा दावा असा की यादी कोणा एकाच्या हाती न देता, आणि दारोदार विचारत न फिरताही, हवी ती नोंद मोजक्या पावलांत सापडू शकते. मी इथे या दाव्याची बाजू घेणार आहे. पण त्यावरचे आक्षेप हलके नाहीत. काही तर याच क्षेत्रातल्या माणसांनी घेतलेले आहेत. म्हणून शास्त्रार्थाच्या जुन्या रीतीने पूर्वपक्षाला आधी बोलू देणं योग्य.

पूर्वपक्ष : नॅपस्टर न्यायालयात हरलं, तंत्रात नाही. त्याची शोधपद्धत उत्तम होती: एक प्रश्न, एक उत्तर. यादी एका जागी असली की ती नीट लावता येते, चुका दुरुस्त करता येतात आणि जबाबदार कोण हेही ठाऊक असतं. रेल्वेचं आरक्षण, बँकेची खाती, वेबवरचा शोध, सगळं याच तत्त्वावर चाललं आहे. एक सर्व्हर कमी पडला तर शंभर लावता येतात. उलट ज्यांनी मधली यादी टाकून दिली त्यांची गत काय झाली ते नुटेलाने दाखवलं. तिथे प्रत्येक प्रश्नाचा नेटवर्कभर गलका व्हायचा. व्यवस्था हवी असेल तर ती राखणारा कोणीतरी लागतोच.

उत्तरपक्ष : नुटेलाचं उदाहरण तुम्ही काढलंत ते बरं झालं, कारण माझा मुद्दा तिथूनच सुरू होतो. मार्च २००० मध्ये आलेल्या या नेटवर्कमध्ये प्रश्न शेजाऱ्यांना, शेजाऱ्यांकडून त्यांच्या शेजाऱ्यांना, असा साधारण सात टप्प्यांपर्यंत ढकलला जाई. प्रत्येक संगणक चौघांशी जोडलेला आहे आणि वाटा एकमेकींत गुंतलेल्या नाहीत असं धरलं, तर सात टप्प्यांत प्रश्न ४,३७२ संगणकांपर्यंत जातो. एका गाण्यासाठी इतक्या जणांना त्रास, आणि तरीही शाश्वती नाही: गाणं आठव्या टप्प्यावर असेल तर ते नेटवर्कमध्ये असूनही ‘नाही’ असंच कळणार. हे सगळं खरं आहे. पण या अपयशाचं खापर मालक नसण्यावर फोडणं मला चुकीचं वाटतं. नुटेलात मालक नव्हता तसाच नियमही नव्हता. कोणती नोंद कुठे असावी हे काही ठरलेलंच नव्हतं, म्हणून ती कुठेही असू शकत होती, आणि जी गोष्ट कुठेही असू शकते ती सगळीकडे शोधावी लागते. डीएचटीने मालक परत आणला नाही, नियम आणला. नोंदीच्या नावावर हॅशची प्रक्रिया करायची, म्हणजे कोणत्याही नावाचा ठरावीक लांबीचा एक आकडा तयार होतो. कॉर्डमध्ये तो १६० बिटांचा असतो. हे गणित जगात कुठेही, कोणीही केलं तरी उत्तर तेच. संगणकांनाही त्याच अंकपट्टीवरचे क्रमांक द्यायचे, आणि नोंद तिच्या आकड्याच्या सर्वांत जवळच्या संगणकाने सांभाळायची. टेलिफोन डिरेक्टरीची पानं सुटी करून गावभर वाटली आणि कोणतं पान कोणत्या घरी हे आडनावावरूनच ओळखता येईल असं ठरवलं, तर डिरेक्टरी एका कोणाची राहत नाही आणि तरी सगळ्यांना वापरता येते. यात एक किंमत आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. मला ज्यात काडीचाही रस नाही अशा परक्या माणसाच्या नोंदी मला सांभाळाव्या लागतात, कारण त्यांचा आकडा माझ्या क्रमांकाजवळ पडला. कुठे काय ठेवायचं याचं स्वातंत्र्य सोडलं, तेव्हाच शोधण्याचे कष्ट वाचले.

पूर्वपक्ष : नियम छान आहे, पण तो राबवायचा कसा? नोंदीचा आकडा मला काढता आला, तरी त्या आकड्याजवळ आत्ता कोणता संगणक आहे हे कळायला सगळ्या संगणकांची यादी हवीच. म्हणजे एक यादी मोडून तुम्ही दुसरी उभी केलीत. त्यातही हे घरगुती संगणक, आत्ता चालू, घटकाभरात बंद. संगणकांची संख्या बदलली की वाटणीचं गणित बदलणार आणि नोंदी सतत इकडून तिकडे हलवाव्या लागणार.

उत्तरपक्ष : हलवाहलवीच्या शंकेचं उत्तर डीएचटीच्याही आधीचं, १९९७ चं आहे. साधी वाटणी अशी असते की आकड्याला संगणकांच्या संख्येने भागायचं आणि बाकी उरेल त्या क्रमांकाच्या संगणकावर नोंद ठेवायची. दहाचे अकरा संगणक झाले तर या पद्धतीत ११० नोंदींपैकी १०० नोंदींची जागा बदलते. डेव्हिड कार्गर, टॉम लेटन, डॅनियल लुईन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कन्सिस्टंट हॅशिंग’ मांडलं, ते हे टाळण्यासाठीच. वेबपानांच्या प्रती अनेक सर्व्हरवर वाटण्याच्या गरजेतून ते आलं आणि अकामाई ही कंपनी त्यातूनच १९९८ मध्ये उभी राहिली. त्यात सगळे आकडे एका वर्तुळावर मांडले आहेत असं समजायचं. नोंदीच्या आकड्यापासून घड्याळाच्या दिशेने जो पहिला संगणक लागेल तो तिचा सांभाळकर्ता. आता अकरावा संगणक आला तर तो वर्तुळावर कुठेतरी एका जागी बसतो आणि फक्त आपल्या पुढच्या शेजाऱ्याचा वाटा कमी करतो. बाकीच्या नऊ जणांना काही घडल्याचं कळतही नाही.

राहिली सगळ्यांची यादी. ती ठेवता येते, पण मोठ्या आणि अस्थिर नेटवर्कमध्ये परवडत नाही. दहा लाख संगणक आहेत आणि प्रत्येक जण सरासरी तासभर टिकतो असं धरा. तासाला दहा लाख येणार, दहा लाख जाणार, म्हणजे सेकंदाला साडेपाचशेहून जास्त बदल, आणि प्रत्येक बदल दहा लाख जणांना कळवायचा. कॉर्डने इथे जो मार्ग काढला तो मला संगणकशास्त्रातल्या सुंदर कल्पनांपैकी एक वाटतो. प्रत्येक संगणकाने सगळ्यांना ओळखायचंच नाही. आपल्यापासून अर्ध्या वर्तुळावर कोण आहे, पाव वर्तुळावर कोण, अष्टमांशावर कोण, असं निम्मंनिम्मं करत अगदी शेजारच्यापर्यंत यावं आणि तेवढेच पत्ते जवळ ठेवावेत. दहा लाखांच्या नेटवर्कमध्ये असे वेगवेगळे पत्ते विसाच्या आसपास भरतात. जवळचं बारकाईने माहीत, लांबचं ढोबळ. एखादा आकडा शोधायचा असेल तर त्याच्या अलीकडचा, पण त्याला सर्वांत जवळ असलेला जो संगणक मला ठाऊक आहे त्याला विचारायचं. त्याला ती जागा माझ्याहून जवळ असल्याने तिथलं तपशीलवार माहीत असतं. प्रत्येक पावलाला उरलेलं अंतर निदान निम्मं होतं. दहा लाख संगणकांत सरासरी दहा पावलं पडतात, आणि विसापलीकडे जाण्याची वेळ क्वचित. नेटवर्क शंभर पटीने वाढून दहा कोटींवर गेलं तर सरासरी सुमारे तेरावर जाते. शंभर पटीच्या वाढीला तीन-सव्वातीन जादा पावलं! म्हणून मी म्हणतो की इथे दुसरी यादी उभी राहिलेली नाही. पूर्ण यादी कोणाकडेच नाही, आणि तरी उत्तर मिळतं.

पूर्वपक्ष : कागदावर मिळतं. पामेला झेव्ह या एटी अँड टी लॅब्जमधल्या संशोधिकेने २०१२ मध्ये कॉर्डची औपचारिक तपासणी केली. त्यात निघालं काय? मूळ लेखांत दिलेला प्रोटोकॉल बरोबर नाही. ज्या गुणधर्मांची ग्वाही दिली होती त्यांतला एकही सर्व परिस्थितीत टिकत नाही. संगणक येत-जात असताना वर्तुळ तुटू शकतं आणि पुन्हा जुळतच नाही. अकरा वर्षं हजारो लेखांनी ज्याचा आधार घेतला त्याची ही स्थिती! कोणी राखणदार नसलेल्या व्यवस्थेत चूक झाली तर ती लक्षात कोणाच्या येणार आणि निस्तरणार कोण?

उत्तरपक्ष : झेव्ह यांचं काम या विषयातलं फार मोलाचं काम आहे आणि त्याने कॉर्डच्या समर्थकांना खडबडून जागं केलं हे योग्यच झालं. पण ते पूर्ण सांगायला हवं. त्यांनी पुढे दुरुस्त केलेला प्रोटोकॉल दिला आणि तो बरोबर असल्याचं सिद्धही केलं. त्यासाठीची एक महत्त्वाची अट अशी की वर्तुळाची सुरुवात पुरेशा संख्येच्या संगणकांनी झाली पाहिजे, एकट्यादुकट्याने नाही. दोष होता तो तुटलेलं वर्तुळ आपोआप सांधण्याच्या रीतीत. निम्म्यानिम्म्याने जवळ जाण्याच्या तत्त्वाला त्याने धक्का लागला नाही.

शिवाय प्रत्यक्षात जी रचना जगभर पसरली ती कॉर्ड नव्हे. ती न्यूयॉर्क विद्यापीठातल्या पेटार मेमुंकोव्ह आणि डेव्हिड माझिएर यांनी २००२ मध्ये मांडलेली कॅडेम्लिया. तिने अंतर मोजण्याची पद्धतच बदलली. दोन क्रमांकांचे बिट एकाखाली एक मांडायचे. सारखे असतील तिथे ०, वेगळे असतील तिथे १, आणि जो आकडा तयार होईल तेच अंतर. १०११ आणि १००१ यांच्यातलं अंतर ००१०, म्हणजे २. १०११ आणि ००११ यांच्यातलं १०००, म्हणजे ८. सुरुवातीचे बिट जितके जास्त जुळतील तितकी जवळीक. हा बदल किरकोळ वाटतो, पण त्याने कितीतरी गोष्टी बदलल्या. कॉर्डचं अंतर एकाच दिशेने मोजलं जातं, त्यामुळे मी तुमच्या जवळ असलो तरी तुम्ही माझ्या जवळ असालच असं नाही, आणि तुमच्याकडून आलेल्या प्रश्नाचा माझ्या पत्त्यांच्या वहीला फारसा उपयोग होत नाही. कॅडेम्लियाचं अंतर दोन्हीकडून सारखं. त्यामुळे जो कोणी मला प्रश्न विचारतो त्याचा पत्ता मला उपयोगी असतो. नेटवर्क वापरलं जातं तेव्हाच ते सांधलंही जातं. कॉर्डच्या वहीत एका जागी एक ठरावीक संगणकच बसतो. कॅडेम्लियात पलीकडच्या अर्ध्या भागातला कोणीही चालतो, पुढच्या पाव भागातलाही कोणीही चालतो, आणि प्रत्येक भागातले असे अनेक पत्ते जवळ ठेवता येतात. मूळ लेखात ही संख्या २० आहे. एकाच वेळी तिघांना विचारलं जातं, म्हणून एक जण बंद पडलेला निघाला तरी शोध अडून बसत नाही. आणि वहीत जागा भरली की जुना पत्ता ठेवायचा, नवा नाकारायचा. हे नुटेलाच्याच मोजणीवरून ठरवलं होतं: जो संगणक जितका जास्त वेळ चालू आहे तितकी तो आणखी तासभर चालू राहण्याची शक्यता अधिक, असं त्या आकडेवारीत दिसलं होतं. ज्या नेटवर्कची आपण मघाशी एवढी निंदा केली त्याच्या नोंदींतूनच पुढच्या रचनेला शहाणपण मिळालं. फायली आपसांत वाटून घेण्याच्या बिटटोरंट या यंत्रणेने २००५ मध्ये कॅडेम्लियावर आधारलेला डीएचटी घेतला. त्याची २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली मोजणी सांगते की एका वेळी दीड ते २.७ कोटी संगणक त्यात होते आणि रोज किमान एक कोटींची ये-जा चालू होती. निस्तरणार कोण, असं तुम्ही विचारलंत. त्या नेटवर्कमध्ये हे काम प्रत्येक प्रश्नाबरोबर थोडंथोडं होत असतं.

पूर्वपक्ष : चालू आहे हे मान्य. पण लोकांना हवं ते त्यात मिळतं का? ज्या रत्नसामींचं नाव तुम्ही सुरुवातीला अभिमानाने घेतलंत, त्याच २००३ मध्ये यतीन चवाथे, स्कॉट शेंकर आदींबरोबर लिहिलेल्या लेखात सांगतात की लोक बहुतेक वेळा पुष्कळांकडे असलेलीच गोष्ट मागतात, दुर्मीळ नाही. आणि अशा मागणीसाठी नुटेलासारखी सैल रचना थोडी सुधारली तरी पुरते. शिवाय माणूस शब्दांनी शोधतो. तुमच्या हॅशला ‘पुणे’ आणि ‘पुण्यात’ यांत काही नातं दिसत नाही, दोघांचे आकडे एकमेकांपासून कोसो दूर. आणि वेग? कॉर्डच्या गटातल्याच रॉबर्ट मॉरिस यांनी सहकाऱ्यांबरोबर २००२ मध्ये इंटरनेटची नावं शोधण्याची डीएनएस यंत्रणा कॉर्डवर चालवून पाहिली. ती नेहमीच्या डीएनएसपेक्षा हळू निघाली. दहा पावलांतलं प्रत्येक पाऊल एका खंडातून दुसऱ्या खंडात पडत असेल तर दुसरं काय होणार?

उत्तरपक्ष : तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांतून माझा दावा नेमका कुठपर्यंत जातो हे ठरतं. चाळणं आणि ठिकाण काढणं ही दोन वेगळी कामं आहेत. ‘असं काहीतरी कुठे आहे का’ हा पहिल्या प्रकारचा प्रश्न. ‘ही विशिष्ट वस्तू आत्ता कोणाकडे आहे’ हा दुसऱ्या. पहिल्या प्रश्नाला डीएचटी वाईट उत्तर देतो, कारण हॅश नावांमधलं सगळं साधर्म्य मुद्दाम पुसून टाकतो. त्या पुसण्यामुळेच नोंदी सगळीकडे सारख्या वाटल्या जातात, त्यामुळे हा दोष काढून गुण ठेवता येणार नाही. २००३ च्या लेखाने शब्दांनी शोधण्याचा आणि गाजलेल्या फायलींचा विचार केला; तिथे त्याचा निष्कर्ष मला पटतो. पण पुढे बिटटोरंटने ही दोन कामं सुटी केली. मॅग्नेट लिंकमध्ये वस्तूचा हॅशच लिहिलेला असतो, साधारणपणे चाळीस अक्षरांचा. ती लिंक तुम्हाला मित्राने पाठवलेली असेल, एखाद्या संस्थेच्या पानावर मिळाली असेल. इंटरनेट आर्काइव्ह २०१२ पासून आपल्या संग्रहातल्या वस्तूंसाठी टोरंट देत आहे. नाव कुठून कळलं याच्याशी डीएचटीला कर्तव्य नाही. नाव कळल्यावर मात्र ठिकाण काढायला मधला कोणी लागत नाही, आणि वस्तू जगात दोघांकडेच असली तरी ती तितक्याच पावलांत सापडते. नुटेला नेमकं इथेच हरत होतं.

वेगाबद्दल बोलायचं तर डीएनएसच्या प्रत्येक पायरीला पगार घेणारे राखणदार आहेत. जिथे ते आहेत तिथे ते वापरावेत. दहा पावलांचा वळसा घेण्याचा हट्ट मी धरणार नाही. पण तुम्ही सुरुवातीला म्हणालात की एक सर्व्हर कमी पडला तर शंभर लावता येतात. त्या शंभरांत वाटणी कशी करणार? ॲमेझॉनने २००७ मध्ये आपल्या डायनॅमो या नोंदी साठवणाऱ्या यंत्रणेचं वर्णन प्रसिद्ध केलं, त्यात वाटणी होते ती कन्सिस्टंट हॅशिंगच्या वर्तुळावर. डायनॅमोच्या लेखकांपैकी अविनाश लक्ष्मण यांनी पुढे फेसबुकमध्ये प्रशांत मलिक यांच्याबरोबर कॅसँड्रा ही तशीच यंत्रणा घडवली, तिच्यातही तेच वर्तुळ आहे. तिथे यंत्रं मोजकी आणि भरवशाची, म्हणून प्रत्येकाकडे सगळ्यांचे पत्ते ठेवता येतात आणि पावलं वाचतात. पण नोंदीची जागा तिच्या नावावरून ठरते, मधल्या कारकुनाला विचारून नाही. ज्या व्यवस्था तुम्ही एकाच जागी आहेत असं मानता, त्यांतल्या कित्येकांच्या आत हाच नियम काम करतो आहे.

पूर्वपक्ष : त्यांच्या यंत्रांना एकमेकांवर विश्वास ठेवता येतो, कारण सगळी एकाच मालकाची आहेत. तुमच्या उघड्या नेटवर्कमध्ये ते नाही. २००२ मध्येच जॉन डूसर यांनी ‘सिबिल’ हल्ला दाखवून दिला: ओळख पटवणारी मध्यवर्ती संस्था नसेल तर एकच माणूस हजार नावांनी आत शिरू शकतो आणि व्यवहारात त्याला अडवता येत नाही. त्याने आपले खोटे क्रमांक एखाद्या नोंदीच्या भोवती पेरले की ती नोंद त्याच्या ताब्यात. तो ती दडवेल, किंवा गुपचूप बसून कोण काय शोधतंय याची नोंद ठेवेल. तुमच्या नियमानेच त्याला नेमकं कुठे बसायचं ते सांगितलं.

उत्तरपक्ष : हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे आणि याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण नुकसान कुठवर जातं ते पाहू. वस्तूचं नाव म्हणजे तिच्या मजकुराचाच हॅश असेल, तर खोटी वस्तू हाती येताच ती पडताळून फेकून देता येते. बिटटोरंटच्या डीएचटीत कोणी खोटे पत्ते भरले तरी तिथून आलेले तुकडे तपासणीत गळतात. अर्थात हॅश भक्कम हवा. एसएचए-१ या हॅशपद्धतीत दोन वेगळ्या फायलींचा एकच हॅश काढता येतो हे गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने २०१७ मध्ये दाखवलं, आणि बिटटोरंटच्या दुसऱ्या आवृत्तीने म्हणूनच एसएचए-२५६ घेतला. तेव्हा हल्लेखोराला लपवता येईल, बदलता येणार नाही. लपवणंही अवघड करता येतं: नोंद आठ किंवा वीस जणांकडे ठेवायची, संगणकाचा क्रमांक त्याच्या आयपी पत्त्याशी बांधायचा म्हणजे तो मनासारखा निवडता येत नाही. पाळत ठेवण्याला मात्र या रचनेत आतून बचाव नाही. जो नोंद सांभाळतो त्याला ती कोण मागतो हे दिसणारच, आणि ज्यांना ते धोक्याचं आहे त्यांनी नुसत्या डीएचटीवर विसंबू नये.

ओळखपत्रांचं म्हणाल तर पेस्ट्रीच्या कर्त्यांनी, अँटनी राउस्ट्रन आणि पीटर ड्रुशेल यांनी, मिगेल कास्त्रो आदींबरोबर २००२ मध्ये सुरक्षिततेवर जो लेख लिहिला त्यात क्रमांक वाटून प्रमाणपत्र देणारी विश्वासू संस्था असावी असंच सुचवलं होतं. जिथे मोठी जोखीम आहे तिथे मला ते मान्य आहे, आणि त्याने माझा दावा लहान होतो हेही मान्य आहे. पण अशा संस्थेचं काम आणि नॅपस्टरच्या सर्व्हरचं काम सारखं नाही. तो सर्व्हर प्रत्येक शोधात मध्ये होता. कोण काय मागतो ते त्याला दिसत होतं, आणि तो थांबताच सगळं थांबलं. प्रमाणपत्र देणाऱ्याची गाठ पडते ती आत येताना, एकदाच. कोणाला घ्यायचं नाही हे त्याला ठरवता येईल. आत आलेल्याने काय शोधलं हे त्याला त्या जागेवरून कळणार नाही. उद्या ती संस्था बंद झाली तर नव्यांची वाट अडेल. आत असलेले मात्र, आपली प्रमाणपत्रं चालू आहेत तोवर, एकमेकांना विचारत राहतील आणि त्यांच्या नोंदी सापडत राहतील.